बीटल्सची भरतीची गाणी

१४ ऑगस्ट १९६४ या दिवशी लंडनच्या अ‍ॅबी रोडवरल्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सनी दुसऱ्यांची दोन गाणी करून पाहिली. एक ‘मिस्टर मूनलाइट’, दुसरं ‘लीव्ह माय किटन अलोन’. पहिलं मनासारखं उतरलं नाही म्हणून ऑक्टोबरात पुन्हा केलं, आणि ते डिसेंबरात ‘बीटल्स फॉर सेल’ या एलपीवर आलं. दुसरं कपाटात गेलं ते थेट १९९५ साली ‘अँथॉलॉजी १’मध्ये बाहेर निघालं. ते ऐकल्यावर चाहत्यांनी कपाळाला हात लावला. जॉन लेननचा गळा असा तापलेला, चौघांचं वाजवणं असं घट्ट, आणि हे गाणं टाकून देऊन ‘मिस्टर मूनलाइट’ ठेवलं? बीटल्सची कच्ची गाणी कोणती, या वादाचा जन्मदिवस सांगायचा झाला तर मी ही १४ तारीख सांगेन.

हा वाद ऐकतच मी मोठी झाले. गिरगावातल्या आमच्या चाळीत दादा आणि त्याचे मित्र रविवारी दुपारी रेकॉर्ड प्लेअरभोवती जमायचे. मी तेव्हा तबला शिकत होते. गाण्यांचे इंग्रजी शब्द मला अर्धेमुर्धे कळायचे, पण कोणाला कोणतं गाणं सहन होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यावरूनच आवाज चढायचे. चांगल्या गाण्यांवरून त्यांचं भांडण झालेलं मला आठवत नाही. ‘अ डे इन द लाइफ’ थोर आहे, यावर आणखी बोलणार काय? बोलणं व्हायचं ते ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’वर, ‘रेव्होल्यूशन ९’वर आणि जॉर्ज हॅरिसनच्या सतारीच्या गाण्यांवर. दादाच्या कंपूत अशा गाण्यांना ‘भरतीची’ म्हणत. पुढे या वादाचा मागोवा घेत मी बरंच वाचलं, आणि माझं मत असं बनलं की भरतीचा शिक्का नुसता गाण्याकडे पाहून बसत नाही. रेकॉर्डची लांबी, धंद्याचं वेळापत्रक आणि ऐकणाऱ्याच्या कानाची सवय, या तिन्हींचा त्यात मोठा वाटा असतो.

भरती ही मुळात धंद्याची गरज होती. ब्रिटनमध्ये त्या काळी एलपीवर साधारण १४ गाणी देत. बीटल्सच्या पहिल्या एलपीतली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली, कारण लिव्हरपूल आणि हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्रंदिवस घोटलेला साठा हाताशी होता. १९६४ च्या अखेरीला तो साठा आटत आला. त्या जुलैत ‘अ हार्ड डेज नाइट’ निघाली होती, १३ च्या १३ गाणी लेनन-मकार्टनीची. लगोलग ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर अमेरिकेचा दौरा, ऑक्टोबरात मायदेशातला दौरा, आणि नाताळच्या बाजारासाठी नवी एलपी हवीच. मग १४ पैकी सहा गाणी इतरांची घेतली. १८ ऑक्टोबर हा दौऱ्यातला सुटीचा रविवार. तो त्यांनी स्टुडिओत घालवला. त्या एका दिवसात ‘मिस्टर मूनलाइट’ पुरं झालं आणि ‘आय फील फाइन’ही झालं. गिटारचा तो घोंघावत उठणारा फीडबॅक आणि त्यातून फुटणारी सुरावट आजही ऐकताना अंगावर काटा येतो. तोच दिवस, तीच खोली, तीच चार माणसं. म्हणून त्यांनी पाट्या टाकल्या हा आरोप मला मान्य नाही. दमलेली माणसं होती, आणि दमलेल्या माणसांकडून एका दिवसात सोनं आणि कथील दोन्ही निघालं.

‘मिस्टर मूनलाइट’ हे रॉय ली जॉन्सन या अमेरिकन गायकाचं गाणं. त्याची पहिली रेकॉर्ड १९६२ सालची. बीटल्सच्या रेकॉर्डवर सुरुवातीला एकही वाद्य नाही, जॉनची नुसती आरोळी आहे. ती आरोळी ज्यानं कान देऊन ऐकली तो या गाण्याला सरसकट टुकार म्हणणार नाही. घसरण होते ती मधल्या तुकड्यात, पॉल मकार्टनीच्या हॅमंड ऑर्गनवर. तिथे गाण्याचा दमच निघून जातो. गाणं कच्चं आहे हे मी कबूल करते, पण ते नेमकं कुठे कच्चं आहे हेही सांगायला हवं. याद्यांमध्ये ते कोणी सांगत नाही.

आमच्याकडे बीटल्स पोचले ते कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या रेकॉर्डवरून. भारतात तेव्हा बीटल्सची काही गाणी ७८ च्या तबकड्यांवरही निघत, कारण चावीचे ग्रामोफोन अजून घरोघर चालू होते. आज जगभरचे संग्राहक त्या तबकड्या शोधत हिंडतात. ७८ च्या एका बाजूला गाणं एकच, तेव्हा भरतीचा प्रश्नच उद्भवत नाही. एलपीवर मात्र नको असलेलं गाणं गाळायचं तर उठावं लागे, हात स्थिर ठेवावा लागे आणि दोन गाण्यांमधल्या गुळगुळीत फटीत सुई अलगद टेकवावी लागे. ‘सार्जंट पेपर’ची दुसरी बाजू जॉर्जच्या ‘विदिन यू विदाउट यू’नं सुरू होते. पाच मिनिटांचं गाणं, त्यामुळे रेकॉर्डवरचा त्याचा पट्टा चांगला रुंद. बाजूचं पहिलंच गाणं गाळणं सगळ्यात सोपं, कारण रेकॉर्ड उलटताना माणूस उभाच असतो. दादाची ती प्रत माझ्याकडे आहे. उजेडात तिरकी धरली की दिसतं: इतर पट्टे वापरून मळकट झालेत, हा पहिला पट्टा जवळजवळ कोरा आहे, आणि तो संपतो तिथे, ‘व्हेन आय एम सिक्स्टी-फोर’च्या तोंडाशी, सुई टेकवून टेकवून बारीक पांढुरक्या ओरखड्यांचा पुंजका झालेला आहे. त्या कंपूनं कोणतं गाणं भरतीचं ठरवलं होतं याची नोंद त्या प्लास्टिकवरच आहे.

वादाला खरी धार आली ती २२ नोव्हेंबर १९६८ ला, ‘द बीटल्स’ हे नुसतं नाव असलेली आणि पांढऱ्या पुठ्ठ्यामुळे ‘व्हाइट अल्बम’ म्हणून ओळखली जाणारी दुहेरी रेकॉर्ड आली तेव्हा. ३० गाणी, दीड तासाहून जास्त ऐवज. यांतली बरीचशी गाणी त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात सुचलेली. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं म्हणणं होतं की निवड कडक करावी आणि एकच उत्तम एलपी काढावी. चौघांनी ऐकलं नाही. मार्टिन हे मत पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पॉलनं ‘अँथॉलॉजी’च्या मुलाखतीत ते धुडकावून लावलं: ती जशी आहे तशीच ती आहे, लोकांनी विकत घेतली, विषय संपला. विषय अर्थातच संपला नाही. तीस गाण्यांतून चौदा निवडून आपापली एकेरी रेकॉर्ड बनवायची हा खेळ गेल्या अर्धशतकात जिथे जिथे बीटल्सचे चाहते आहेत तिथे तिथे खेळला गेलाय.

दादाच्या कंपूचीही अशी एक वही होती, दोनशे पानी, कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या टिपणांची. तिच्या मागच्या पानांवर तीस गाणी उभी लिहिलेली आणि पुढे प्रत्येकाच्या नावाचा रकाना. बरोबर, फुली, आणि ज्यावर मन ठरत नाही तिथे टिंब. ‘ब्लॅकबर्ड’पुढे सगळ्यांचं बरोबर. ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’पुढे सगळ्यांचं बरोबर. ‘रेव्होल्यूशन ९’पुढे ओळीनं फुल्या. पण पान जसं खाली सरकतं तशी पंचाईत होते. एकाला ‘पिगीज’ चालत नाही, दुसऱ्याचं त्याच्याशिवाय भागत नाही. ड्रमर रिंगो स्टारचं ‘डोन्ट पास मी बाय’ एकानं निव्वळ रिंगोवरच्या मायेपोटी ठेवलेलं. ‘बंगलो बिल’ एकानं खोडलं, कारण वाघाच्या शिकारीची ती थट्टा त्याला पोरकट वाटायची; दुसऱ्यानं तेच ठेवलं, कारण ते ऋषिकेशला आश्रमातून शिकारीला गेलेल्या एका अमेरिकन पाहुण्यावर आहे आणि त्याला ती गोष्ट फार आवडायची. एकाची यादी दुसऱ्याशी जुळत नाही. बहुमतानं चौदा गाणी निवडून बनवलेली कंपूची यादी वहीत शेवटी आहे, आणि तिच्याखाली कोणीच सही केलेली नाही. ती रेकॉर्ड कुणालाच नको होती.

मार्टिनना मी फार मानते, पण या बाबतीत ते चुकले असं माझं ठाम मत आहे. ‘वाइल्ड हनी पाय’ हे ५२ सेकंदांचं गाणं घ्या. पॉलनं एकट्यानं २० ऑगस्ट १९६८ ला केलेलं, सूर मुद्दाम वेडावाकडा. जॉर्जची बायको पॅटी बॉइड हिला ते आवडलं म्हणून राहिलं. त्याच ऑगस्टमध्ये जॉर्जच्या ‘नॉट गिल्टी’चे १०२ टेक झाले. इतक्या घामानंतर ते गाणं रेकॉर्डवर आलं नाही, १९९६ पर्यंत चाहत्यांना बीटल्सचं ते ध्वनिमुद्रण चोरट्या प्रतींवरच ऐकावं लागलं. कष्ट आणि निवड यांचं असं काही गणित नव्हतं. ‘रेव्होल्यूशन ९’ तर आठ मिनिटांच्या वर चालतं: टेपचे तुकडे, उलटे फिरवलेले आवाज, आकडा पुकारणारा एक परका गळा. जॉन, त्याची जोडीदार योको ओनो आणि जॉर्ज यांनी ते जुळवलं. पॉल आणि मार्टिन यांना ते रेकॉर्डवर नको होतं. इयन मॅकडॉनल्ड या ब्रिटिश समीक्षकानं १९९४ साली ‘रेव्होल्यूशन इन द हेड’ हे पुस्तक लिहिलं. त्यात एकेका गाण्याची झडती घेताना त्यानं ‘हेल्टर स्केल्टर’ आणि ‘अ‍ॅक्रॉस द युनिव्हर्स’ यांसारख्या लाडक्या गाण्यांना फटकारलं, आणि ‘रेव्होल्यूशन ९’ मात्र फार गांभीर्यानं घेतलं. असं काही प्रायोगिक संगीत जे ऐकायला मूठभर माणसं जमली असती ते या रेकॉर्डमुळे लाखो घरांत शिरलं, हे खरंच आहे. मला ते गाणं आवडत नाही. पण ते काढलेला ‘व्हाइट अल्बम’ मला नको.

‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’वरचा वाद मला त्याच्या पुराव्यांसाठी आवडतो. १९६९ सालच्या ‘अ‍ॅबी रोड’मधलं हे पॉलचं गाणं. हातोड्यानं माणसं मारणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट, चाल मात्र बालगीतासारखी हसरी. जॉनला त्याचा तिटकारा होता, जॉर्ज कंटाळला होता, आणि रिंगोनं तर कितीतरी वर्षांनी मुलाखतीत सांगितलं की ते सगळ्यांत वाईट काम, आठवडेच्या आठवडे चाललं होतं. चाहते तेव्हापासून हीच साक्ष देतात: या गाण्यानं बँड मोडायला हातभार लावला. १९८८ मध्ये मार्क ल्यूइसन यांनी स्टुडिओचे कागद चाळून प्रत्येक दिवसाची नोंद पुस्तकरूपानं छापली. त्यात हे गाणं ९, १० आणि ११ जुलैला आणि नंतर ६ ऑगस्टला मूग सिंथेसायझर भरण्यासाठी, एवढंच दिसतं. शिवाय जानेवारीत एका चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर त्याच्या तालमी झाल्या होत्या, त्याही धरा. आठवडे लागल्यासारखे वाटले, एवढं खरं. जॉन तर त्या जुलैच्या आरंभी स्कॉटलंडमध्ये मोटार अपघातात सापडला होता आणि या गाण्यात त्यानं काही वाजवलेलंच नाही. गाण्याची बदनामी झाली ती चौघांचं एकमेकांशी बिनसलं होतं म्हणून. ऐरणीवर पडणारा तो घाव मी आजही मन लावून ऐकते, आणि मूगचा तो नवाकोरा स्वर १९६९ साली किती थोड्यांनी ऐकला असेल याचा विचार करते. मॅकडॉनल्डच्या मते पॉलच्या अभिरुचीची ही सगळ्यांत मोठी घसरण. मी इतकं कठोर होणार नाही.

ज्यांनी गाणी केली त्यांनीच निकाल द्यावा, असं म्हणणाराही एक पक्ष असतो. त्यांना जॉननं १९८० साली पत्रकार डेव्हिड शेफ यांना दिलेली दीर्घ मुलाखत दाखवायला हवी. तिच्यात त्यानं आपल्याच गाण्यांची चामडी लोळवली. ‘गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग’ कचरा, ‘इट्स ओन्ली लव्ह’चे शब्द भयंकर, ‘अँड युवर बर्ड कॅन सिंग’ टाकाऊ. यातलं शेवटचं गाणं, त्यातल्या दोन गिटारींच्या एकत्र धावणाऱ्या सुरावटीसाठी, चाहत्यांच्या जिवाचा तुकडा आहे. कर्त्याचं मत हे एका माणसाचं एका दिवसाचं मत असतं, तेवढंच त्याला वजन द्यावं.

त्यानं नावं ठेवलेल्या एका गाण्याबाबत मात्र मी जॉनच्याच बाजूची. ‘रबर सोल’च्या शेवटी ‘रन फॉर युवर लाइफ’ आहे. दुसऱ्या पुरुषाबरोबर दिसलीस तर जिवाला मुकशील, असं त्यात एक पुरुष मुलीला बजावतो. सुरुवातीची धमकी एल्विसच्या एका जुन्या गाण्यातून उचललेली, आणि बाकीचं सारं त्याच वाटेनं. दादाच्या कंपूत हे गाणं कधी वादात आलं नाही. ठेका जोरकस, गिटार झणझणीत, चौघे-पाचजण पाय आपटत गायचे. मी चौदा-पंधरा वर्षांची झाले, शब्द पुरते कळायला लागले, आणि त्या खोलीत ते लागलं की मी उठून बाहेर जाऊ लागले. कोणी विचारलं नाही. आज जगभरच्या याद्यांमध्ये ते तळाशी गेलंय, कारण याद्या करणाऱ्यांत आता मुली आणि बायका मोठ्या संख्येनं आहेत आणि पुरुषांचेही कान बदलले. हे माझ्या लेखी बीटल्सचं सगळ्यांत वाईट गाणं. चालीत खोट नाही, तरीही.

आणि आता जॉर्जची सतारीची गाणी, ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

१९६५ सालच्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये जॉर्जनं सतार छेडली ती जुजबी ओळखीवर. पंडित रविशंकरांना तो आवाज विचित्र वाटला होता, तसं त्यांनी पुढे सांगितलंही. पण जॉर्ज तिथे थांबला नाही, शिकायला बसला. लंडनमध्ये अयना अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांची एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, तिच्यामार्फत त्याला वादक मिळाले. ११ एप्रिल १९६६ ला ‘लव्ह यू टू’ करायचं ठरलं तेव्हा अनिल भागवत या तबलावादकाला फोन गेला. कुणासाठी वाजवायचंय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. न्यायला रोल्स रॉइस आली तेव्हा उलगडा झाला. ‘रिव्हॉल्व्हर’च्या पुठ्ठ्यावर त्यांचं नाव छापलेलं आहे. त्या काळी बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही दुर्मीळ गोष्ट होती. लहानपणी त्या पुठ्ठ्यावर आपल्या ओळखीचं आडनाव वाचून मी किती वेळ ते हातात धरून बसले होते.

‘विदिन यू विदाउट यू’ हे मार्च-एप्रिल १९६७ मधलं काम. त्याआधी जॉर्जनं ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ आणलं होतं, जॉन-पॉलची गाणी सांभाळणाऱ्या प्रकाशन कंपनीवरची चिडचीड. त्या कंपनीत जॉन आणि पॉल यांचा वाटा प्रत्येकी १५ टक्के, जॉर्ज आणि रिंगोचा मिळून १.६ टक्के. मार्टिननी ते गाणं ‘सार्जंट पेपर’साठी नाकारलं आणि याहून चांगलं आण म्हणून सांगितलं. जॉर्जनं जे आणलं त्यात बाकीचे तिघे बीटल्स नाहीतच. दिलरुबा, तानपुरा, स्वरमंडल, तबला, जॉर्जची सतार आणि गळा, आणि वर मार्टिननी दिलरुब्याच्या मिंडींशी जमवून घेतलेली व्हायोलिनं नि चेलो. दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तानपुऱ्यावर बुद्धदेव कंसारा. त्यांची नावं पुठ्ठ्यावर आली नाहीत. रेकॉर्डला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१७ साली, जगाला ती नीट कळली.

पाश्चात्त्य चाहत्यांच्या याद्यांत हे गाणं वर्षानुवर्षं भरतीचं होतं. लांबलं, एकसुरी आहे, उपदेश करतं. या तक्रारी मला समजतात. ज्या कानाला स्वरमेळ बदलत राहण्याची सवय आहे त्याला तानपुऱ्याचा एकच षड्ज म्हणजे गाणं पुढे न सरकणं. पण आमच्या गिरगावातल्या खोलीतही ते गाळलं जात होतं, याचं मला फार वाईट वाटायचं. रॉक ऐकायला बसलेल्यांना आजोबांच्या रेडिओवरचं काही नको होतं. एका सुटीत, घरात कोणी नसताना, मी दुसऱ्या बाजूच्या अगदी कडेला सुई ठेवली. सुरुवातीला तीनताल, सोळा मात्रा, ते लगेच कळलं. मग गायन थांबतं, दिलरुबा एक वाक्य बोलतो आणि सतार त्याला उत्तर देते, आणि तिथे माझी बोटं चुकायला लागली. सुई मागे घेतली. पुन्हा मोजलं. दोन, तीन, दोन, तीन. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. झपताल! तबल्याच्या शिकवणीत मी त्याच महिन्यात तो घोटत होते. लंडनच्या स्टुडिओत बसून हा माणूस खमाजच्या अंगानं जाणाऱ्या चालीत दहा मात्रांचा तुकडा बांधतो आणि पुन्हा सोळांत उतरतो, हे मी दादाला संध्याकाळी टाळ्या देऊन दाखवलं. त्यानं पहिल्यांदा ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं, जॉर्जनं अखेरीस मुद्दाम घातलेल्या हशासकट. राग म्हणून ते कच्चं आहे, आलापाला जागाच नाही, हे माझ्या गुरुजींचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. पण पाच मिनिटांचं गाणं म्हणून त्यात एकही मात्रा वाया गेलेली नाही. स्वतःची गाणी कचऱ्यात टाकणाऱ्या जॉननं १९८० च्या त्याच मुलाखतीत हे जॉर्जच्या उत्तम गाण्यांपैकी एक असं सांगितलंय.

मुंबईचा या वादाशी असलेला धागा तर फार थोड्यांना ठाऊक असतो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला. फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथे काम चाललं. दोन ट्रॅकचं ध्वनिमुद्रण यंत्र भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेनं आणलं. हेच मेनन पुढे ईएमआयच्या जगभरच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले. संध्याकाळी साडेपाचला खालच्या कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांची पावलं आत ऐकू यायची आणि काम थांबवावं लागायचं, ही आठवण जॉर्जनंच सांगितली आहे. त्या मुक्कामात १२ जानेवारीला ‘द इनर लाइट’चं सगळं वाद्यसंगीत इथे झालं: आशीष खाँ यांचा सरोद, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, महापुरुष मिश्र यांचा पखवाज, हनुमान जाधव यांची सनई, रिजराम देसाद यांची पेटी. गायन तेवढं फेब्रुवारीत लंडनला भरलं. १५ मार्च १९६८ ला ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं. मागची बाजू म्हणजे पुन्हा भरतीचीच जागा, आणि बीटल्स एकत्र असेतो ते कुठल्याच एलपीवर आलं नाही. फोर्टातल्या त्या रस्त्यानं जाताना मी दरवेळी वर बघते.

आता निकालाचं पाहू. १९७३ साली बीटल्सच्या निवडक गाण्यांचे लाल आणि निळा असे दोन दुहेरी संच निघाले, एकंदर ५४ गाणी. एका अर्थानं ही अधिकृत यादीच होती, आणि आमच्या पिढीतल्या निम्म्यांची बीटल्सशी ओळख तिनंच झाली. तिच्यात ‘ओब-ला-डी, ओब-ला-डा’ होतं, जे पुष्कळांच्या मते बँडचं सगळ्यांत उथळ गाणं. जॉर्जचं एकही भारतीय वळणाचं गाणं नव्हतं. २००३ मध्ये ‘लेट इट बी’ नव्यानं काढताना खुद्द कंपनीनंच ‘डिग इट’ आणि ‘मॅगी मे’ ही दोन गाणी गाळून ‘डोन्ट लेट मी डाउन’ घातलं, म्हणजे वादात तीही उतरली. २००६ च्या ‘लव्ह’ या संचात जॉर्ज मार्टिन आणि त्यांचा मुलगा जाइल्स यांनी ‘टुमॉरो नेव्हर नोज’च्या ढोलावर ‘विदिन यू विदाउट यू’चा गळा बसवला, आणि ज्यांनी जन्मभर ते गाणं गाळलं होतं त्यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये लाल-निळे संच वाढवून पुन्हा निघाले. ५४ ची ७५ गाणी झाली. निळ्या संचात ‘विदिन यू विदाउट यू’ आलं. ‘मॅक्सवेल’ नाही आलं, ‘मिस्टर मूनलाइट’ही नाही.

दादानं ती बातमी मला फोन करून सांगितली आणि आम्ही दोघं खूप वेळ बोललो. माझी एक मागणी मात्र अजून शिल्लक आहे. ‘लव्ह यू टू’ त्या ७५ मध्येही नाही. तीन मिनिटांचं गाणं, सुरुवातीला मोकळी सतार, मग अनिल भागवतांचा तबला असा काही उसळतो की १९६६ च्या लंडनमध्ये त्याच्या तोडीचं तालाचं काम रॉकच्या फार थोड्या रेकॉर्डवर होतं. तुमच्याकडे ‘रिव्हॉल्व्हर’ असेल तर पहिल्या बाजूचं चौथं गाणं गाळू नका. आवाज थोडा वाढवा आणि शेवटी लय चढते तिथपर्यंत ऐका.